विसाव्याला बसवलेला संगणक

खंडेनवमीच्या संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास आमच्या दैनिकाच्या बीड कार्यालयात दोन नेटवर्क जोडणारा संगणक बंद करण्यात आला. दसऱ्याच्या सकाळी अंकात एका जिवंत माणसाच्या मृत्यूची बातमी छापून आली. त्या माणसाची आई माजलगाव तालुक्यातल्या एका गावात घरी एकटी होती. अंक त्या गावात पहिल्या एसटीने पोचत असे.

मी त्या वेळी उपसंपादक होतो. मूळ बातमी मी लिहिली होती आणि दुरुस्तीही मीच केली होती. दुरुस्ती छापली गेली नाही.

कार्यालय दोन भागांत होते. पुढे रस्त्याकडे संपादकीय खोली. मागे अंगण, अंगणाच्या पलीकडे छपाईयंत्र आणि त्याला लागून पाने लावायची खोली. पाने लावण्याचे काम चार जुन्या संगणकांवर चाले. मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर त्या चारांवरच चालायचे. त्याचे कुलूप म्हणून आगपेटीएवढी एक डबी प्रत्येक यंत्राच्या पाठीत खोचलेली असे, आणि ही डबी नव्या यंत्रांना ओळखता येत नव्हती. हे चार संगणक एका काळ्या केबलने जोडलेले होते. टीव्हीला लावतात तशी जाड केबल, एका यंत्राच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत गेलेली, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. मधला एक सांधा निसटला की चारही यंत्रे एकमेकांना दिसेनाशी होत.

पुढच्या खोलीत नंतर पाच नवे संगणक आले. त्यांच्या निळ्या वायरी वेगवेगळ्या निघून भिंतीवरच्या एका डबीत जात. या डबीला स्विच म्हणत. काळ्या केबलचे तोंड गोल आणि निळ्या वायरीचे चपटे होते. एक दुसऱ्यात बसत नव्हते. त्यामुळे पुढच्या खोलीत लिहिलेली बातमी फ्लॉपीवर घेऊन कोणीतरी अंगण ओलांडत असे. दुरुस्ती असेल तर खिडकीतून ओरडून सांगत. एकदा अशी ओरडून सांगितलेली दुरुस्ती भलत्याच बातमीत गेली. त्यानंतर संपादकांनी दोन्ही खोल्या जोडण्याचे ठरवले आणि मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींचे दुकान मोंढ्याजवळ होते. वडील रेडिओ दुरुस्त करत. यांनी टेपरेकॉर्डरपासून सुरुवात केली आणि शहरात संगणक आले तसे संगणकांकडे वळले. कोणत्याही कोर्सचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. यंत्र उघडण्याआधी त्याला कान लावायची त्यांना सवय होती.

गोल आणि चपटे अशी दोन्ही तोंडे असलेली तयार डबी बीडमध्ये मिळाली नाही. मिस्त्रींनी दुसरा मार्ग काढला. एका साध्या डेस्कटॉपमध्ये दोन नेटवर्क कार्डे बसवायची, एक गोल तोंडाचे आणि एक चपट्या तोंडाचे, आणि संगणकालाच पुलासारखे मध्ये ठेवायचे. नवे कार्ड औरंगाबादहून आले. गोल तोंडाचे कार्ड बाजारातून गेलेले होते. माजलगावात बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या अडगळीतून त्यांनी ते आणले.

जोडणी चालू असताना छपाईयंत्र चालवणारे काका आणि पाने लावणारा ऑपरेटर दोघे उभे राहून बघत होते. काका खिळ्यांच्या छपाईच्या काळापासून नोकरीत होते.

"हे डबडं करतंय काय पण?" काकांनी विचारले.

"काका, इकडचे इकडच्या बोलीत बोलतेत, तिकडचे तिकडच्या. मधी दोन तोंडाचा माणूस बसवला की झालं."

"दोन तोंडाचा माणूस लागतो व्हय? मग इलेक्शनला हुबा राहिलेला एक धरून आण की. यंत्र कशाला खर्ची घालतो?"

"त्यो इकडचं तिकडं सांगताना बदलून सांगल. ह्ये जसंच्या तसं सांगतं."

ऑपरेटर म्हणाला, "मिस्त्री, ह्या नादात आमचं काळं नेटवर्क मेलं तर पानं तुमच्या दुकानात येऊन लावीन."

"या की. चहा तुमचाच घेऊन या पण."

पहिल्या दिवशी जोडणी झाली नाही. संगणकाने दोन्ही कार्डे ओळखली, पडद्यावर दोन जोडण्या दिसल्या, दोन्ही एकदम निवडून त्यांचा पूल करण्याची आज्ञाही त्याने मानली. तरी पुढच्या खोलीतून मागचे एकही यंत्र दिसेना. मागची चार यंत्रे जुन्या पद्धतीने एकमेकांना नावाने ओळखत. नव्या यंत्रांना नंबर लागत होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही यंत्रांना नंबर दिले आणि ते भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवले. दोन यंत्रांना चुकून एकच नंबर पडला होता, तो शोधण्यात दुपार गेली. साडेचारला पुढच्या खोलीतून टाकलेली पहिली फाइल मागच्या खोलीत उघडली. ती मोंढ्यातल्या बाजारभावाची होती.

मिस्त्रींनी पडदा आणि कीबोर्ड काढून घेतले. "याला बघायचं न्हाई अन् लिव्हायचं बी न्हाई. नुसतं जागं राहायचं." काळी केबल जिथवर पोचत होती तिथे, छपाईयंत्राच्या मागच्या बोळात, एका लाकडी स्टुलावर संगणक ठेवला गेला. खाली बॅटरी ठेवली. भिंतीवरच्या बटणाशेजारी त्यांनी कागद चिकटवला: बंद करू नये. संगणकाच्या स्वतःच्या बटणावर काही लिहिलेले नव्हते.

त्या आठवड्यात संपादकांनी नियम केला. यापुढे दुरुस्ती तोंडी द्यायची नाही. ती फाइलमध्येच करायची, आणि ऑपरेटरने फाइलवरची वेळ पाहून ती घ्यायची.

आणखी एक बदल पुढच्या महिन्यात झाला. काळ्या केबलचा सांधा दिवसातून एकदोनदा निसटत असे. तेवढ्या वेळात पुढच्या खोलीत फाइल ठेवायला गेले की पडद्यावर चूक दाखवली जाई आणि काम अडे. आम्ही तक्रार केली. मिस्त्रींनी आमच्या यंत्रांत एक सोय चालू करून दिली.

"आता रस्ता बंद असला तरी तुमचं काम अडणार न्हाई. फाइल तुमच्याच यंत्रात थांबल. रस्ता खुला झाला की आपोआप जाईल."

रस्ता बंद आहे हे आम्हाला कसे कळणार, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चित्र येते, असे त्यांनी सांगितले होते. ते चित्र पुढे सर्वांनी पाहिले आणि त्याकडे बघणे सोडून दिले.

खंडेनवमीला ज्या हत्यारावर पोट चालते ते धुऊनपुसून पूजेला मांडतात आणि त्या दिवशी त्याला काम लावत नाहीत. सुतार करवतीला हात लावत नाही, न्हावी वस्तरा उघडत नाही. दैनिकाला हे पाळता येत नाही. दसऱ्याचा अंक जाहिरातींनी भरलेला असतो आणि तो आदल्या रात्री छापावाच लागतो. त्यावर काकांनी फार पूर्वी तोड काढली होती. पूजेनंतर बाकीची यंत्रे कामाला लागत, पण एक यंत्र सगळ्यांच्या वतीने विसाव्याला बसवायचे. दसऱ्याला सोने वाटून झाल्यावरच ते हलवायचे. वर्षानुवर्षे हा मान पायाने चालवायच्या जुन्या ट्रेडल मशीनचा होता. ते पत्रिका छापायला लागे, दोन दिवस नसले तरी चालत असे. त्या उन्हाळ्यात ट्रेडल भंगारात गेले.

त्या वर्षी विसाव्याला कोणते यंत्र बसले, हे मला दसऱ्याच्या सकाळी कळले.

खंडेनवमीला दुपारी धारूरच्या घाटात सीताफळांचा टेम्पो उलटला. टेम्पोत दोघे होते, बीडचा एक फळव्यापारी आणि माजलगाव तालुक्यातला चालक. घटनास्थळी पोचलेल्या आमच्या वार्ताहराने दोघांनाही चादरीत घालून नेताना पाहिले आणि साडेतीनला फोनवर दोन्ही मृत्यू सांगितले. सणामुळे त्या दिवशी मजकूर द्यायची शेवटची वेळ चारची होती. मी बातमी चारला दिली. चार वीसला व्यापाऱ्याचे वय दुरुस्त केले. ऑपरेटरने ती दुरुस्ती घेतली, पान लावले. पावणेसहाला पूजा झाली. आरतीला मी उभा होतो. सर्व यंत्रांना झेंडूचे हार होते, बोळातल्या संगणकालाही होता. त्याचा हिरवा दिवा चालू होता की नाही, हे मी पाहिले नाही.

आठ दहाला वार्ताहराचा पुन्हा फोन आला. चालक जिवंत होता. अंबाजोगाईच्या रुग्णालयात त्याच्या पायाची शस्त्रक्रिया चालू होती, धाकटा भाऊ तिथे पोचला होता. मी मथळा बदलला, मजकूर बदलला, फाइल ठेवली. पडद्यावर चूक दाखवली गेली नाही. बाकीची पाने आधीच तयार होती, त्यामुळे पूजेनंतर पुढच्या खोलीतून मागे जाणारी तेवढी एकच फाइल होती. जाताना मी खिडकीतून ऑपरेटरला म्हणालो, "पहिल्या पानाची दुरुस्ती टाकली आहे."

"बरं, बघतो."

त्याने पाहिले. फाइलवर चार वीसची वेळ होती. ती दुरुस्ती त्याने घेतलेली होती. त्याने पान छपाईची प्लेट करायला पाठवले.

छापलेले पहिले पान पाहूनच उपसंपादकाने घरी जायचे, असा नियम होता. त्या दिवशी मी पान न पाहता गेलो.

पहाटे साडेपाचला अंबाजोगाईच्या वार्ताहराने बसस्थानकावर अंकांचे गठ्ठे सोडले आणि संपादकांना फोन केला. संपादकांनी मला केला. मी कार्यालयात पोचलो तेव्हा संपादक फोनजवळ उभे होते.

"तो माणूस शुद्धीवर आहे," ते म्हणाले. "चहा मागतोय. आणि आपण त्याला मारलाय. गावात त्याची आई एकटी आहे. भाऊ दवाखान्यात. तिला कालपासून फक्त एवढंच माहीत आहे की पोराला लागलंय आणि दवाखान्यात नेलंय."

मोबाइल आले होते, पण त्या बाजूला टॉवर नव्हते. ग्रामपंचायतीच्या फोनची घंटा वाजत राहिली. सुटीचा दिवस होता. माजलगावचा वार्ताहर सणाला सासरवाडीला गेला होता. माजलगावच्या अंकविक्री एजंटाने तिसऱ्यांदा लावल्यावर फोन उचलला. त्या गावाचे सात अंक त्याने नुकतेच एसटीच्या कंडक्टरकडे दिले होते. एसटी गावात सव्वाआठला पोचते, असे त्याने सांगितले.

दसऱ्याची कार्यालयाला सुटी होती. दुसऱ्या दिवशी अंक निघणार नव्हता. छापून चूक दुरुस्त करायची म्हटले तर ती तिसऱ्या दिवशी होणार होती.

संपादकांनी मिस्त्रींनाही बोलावले होते. ते आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मेलेला फळव्यापारी त्यांच्या गल्लीतला होता आणि ते रात्रभर त्या घरी बसून होते. चालक वाचल्याचे त्यांना तिथेच कळले होते. आमचा अंक त्यांनी पाहिला नव्हता. तो पाहिल्यावर ते बोळात गेले. मी मागे गेलो. संगणकावर हळदकुंकू होते, हार होता, पुढे सुपारी आणि विड्याचे पान ठेवलेले होते. पंख्याचा आवाज येत नव्हता. भिंतीवरचे बटण चालू होते.

काका छपाई उरकून यंत्राशेजारीच झोपले होते. मिस्त्रींनी त्यांना उठवले.

"काका, ह्ये कुणी बंद केलं?"

"मी. इसाव्याला बसवलं. कावून?"

"ह्येच कावून?"

"मग कोन्तं बसवू? ट्रेडल न्हाई आता. चारी यंत्रांवर पानं लावायची व्हती. पुढची तुमची लिव्हायची. ह्येच्यावर कुणी कामच करत न्हाई. पडदा न्हाई, बटणं न्हाईत. म्या आठ महिने बघतोय, त्याच्यापुढं एक माणूस बसल्याला न्हाई."

मिस्त्रींनी वाकून संगणकाचे बटण दाबले. काकांनी त्यांचा हात धरला. "अरं, सोनं वाटूस्तोवर हात लावू नको त्याला."

संगणक सुरू व्हायला दीड मिनिट लागले. मी पुढच्या खोलीत जाऊन माझे यंत्र चालू केले. कोपऱ्यातले लहान चित्र आले आणि थोड्या वेळाने गेले. मागच्या खोलीतल्या फाइलवर आठ अठराची वेळ दिसू लागली. दुरुस्ती पोचली होती. तेव्हा सकाळचे सहा पन्नास झाले होते.

मिस्त्री मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. व्यापाऱ्याचे दफन दुपारच्या नमाजानंतर ठरले होते. संपादकांनी त्यांना त्याची आठवण करून दिली.

"दुपारपर्यंत माघारी येतो साहेब," ते म्हणाले. "एक घर बसलं ते बसलं. दुसऱ्या घरात न मरता मयत कावून न्यायची?"

आम्ही सातला निघालो. वडवणीपर्यंत रस्ता बरा होता, पुढे खडी टाकून ठेवलेली होती. रस्त्यात मिस्त्री एकदाच बोलले. वाऱ्यामुळे मान वळवून, मोठ्याने.

"चूक दाखवत व्हतं तेच बरं व्हतं. म्याच त्याचं तोंड बंद केलं."

तेलगावच्या पुढे कालव्याच्या कडेने कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर परत येणारी एसटी आम्हाला समोरून भेटली. गावात पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात आठ चाळीस झाले होते. एसटी येऊन पंचवीस मिनिटे झाली होती. पारावर चारपाच जण एका अंकावर वाकलेले होते. घर विचारावे लागले नाही. लोक तिकडेच चालले होते.

पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेर पुरुष उभे, आत बायका. आईचे वय साठीच्या आसपास असावे. ती भिंतीला टेकून बसली होती आणि रडत नव्हती. तिचे नवरात्राचे उपास चालू होते, नववी माळ झाली होती, त्या दिवशी घट उठायचे होते. कोपऱ्यात पाटाच्या जागी ओल्या मातीचा गोल उरला होता. सुतक पडले असे धरून शेजारणीने घट बाहेर नेला होता आणि नऊ दिवस तेवत ठेवलेला दिवा शांत केला होता. घरच्यांनी शिवायचे नसते म्हणून आपण केले, असे शेजारणीने आम्हाला सांगितले. बाहेर एक जण ट्रॅक्टर अंबाजोगाईला न्यायचा की मयत रुग्णवाहिकेने येईल, हे विचारत होता.

मी कोण आहे ते सांगितले. मुलगा जिवंत आहे, छापलेले चुकीचे आहे, असे सांगितले. बाहेरचे पुरुष दाराशी आले. एकाने अंक माझ्या तोंडासमोर धरला.

"ह्यो पेपर तुमचाच ना?"

"हो."

"मग ह्ये काय हाय? नाव हाय, वय हाय, गाव हाय. गंमत वाटली का बे तुमाला?"

"चूक झाली. दुरुस्ती केली होती, ती पानापर्यंत पोचली नाही."

"पोचली न्हाई म्हंजे? चालत जाती का ती?"

आई पहिल्यांदाच बोलली. आवाज मोठा नव्हता.

"पेपरात बी तुमीच लिव्हलं. आता तोंडानं बी तुमीच सांगता. मी कोन्तं खरं धरू?"

मिस्त्री उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे होते. ते तिथूनच बोलले.

"मावशी, टेम्पोत दुसरा जो व्हता, त्यो माझ्या गल्लीतला. त्याची मयत आज दुपारी हाय. मी रातभर तिथंच व्हतो. अंबाजोगाईहून त्याला घेऊन आलेली माणसं तिथं व्हती. त्यांनी तुमच्या पोराला डोळ्यानं बघितला. पाय मोडलाय. बोलत व्हता."

ती त्यांच्याकडे वळली.

"तुमचा कोण त्यो?"

"शेजारी. लहानपणापासून."

"अन् त्याला टाकून हितं आले?"

"आलो."

"कावून?"

मिस्त्रींनी खाली पाहिले. "मधलं यंत्र मी जोडलं व्हतं, मावशी."

त्याचा अर्थ तिथे कोणाला कळला असेल असे वाटत नाही. आई उठली. "मला दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "बघितल्याबिगर मी काहीच धरत न्हाई. मेला बी न्हाई अन् जिता बी न्हाई." शेजारणीने तिला चहा प्यायला सांगितले. तिने तो घेतला नाही.

गावात एक जीप होती, तिचा मालक तिथेच उभा होता. नऊ दहाला आम्ही निघालो: आई, शेजारीण, अंक माझ्यासमोर धरणारा माणूस आणि मी. मिस्त्री मोटारसायकलवरून बीडकडे वळले. दफनाला ते पोचले, हे नंतर कळले.

तेलगावात एक एसटीडी बूथ उघडे होते. मी उतरून रुग्णालयात फोन लावला. वॉर्डात निरोप देऊ, असे पलीकडून सांगण्यात आले. भावाला फोनवर बोलावता येईल का, असे विचारले तेव्हा पंधरा मिनिटे लागतील असे उत्तर मिळाले. मी जीपकडे येऊन आईला विचारले, थांबायचे का.

"फोन नको," ती म्हणाली. "चला."

धारूरच्या घाटात टेम्पो तसाच पडलेला होता. वळणाच्या आतल्या बाजूला, चाके डोंगराकडे. रस्त्यावर सीताफळे फुटून पसरली होती, रात्रभर वाहने जाऊन त्यांचा काळा चिखल झाला होता. तिने जीप थांबवायला लावली. शेजारीण नको म्हणत असताना ती उतरली, टेम्पोपर्यंत चालत गेली आणि चालकाच्या बाजूने आत पाहिले. दार आत दबले होते. सीटवर एक नायलॉनची पिशवी अडकली होती. तिने ती ओढून काढली, झटकली आणि बरोबर घेतली. जीपमध्ये बसल्यावर तिने पिशवी उघडून पाहिली. आत एक शर्ट आणि स्टीलचा डबा होता. डब्यात भाकरी होती. अंक धरणाऱ्या माणसाने धारूर सोडल्यावर मला पाण्याची बाटली दिली.

अंबाजोगाईला आम्ही साडेअकराला पोचलो. रस्त्यावर आपट्याच्या पानांच्या जुड्या विकायला बसलेल्या बायका होत्या. रुग्णालयाच्या दाराशी धाकटा भाऊ उभा होता. फोनवरचा निरोप त्याला मिळाला होता, पण का येत आहेत हे निरोपात नव्हते. आईला पाहून त्याने विचारले, "तू कशाला आली? दादा बरा हाय. मी सांजच्याला येणारच व्हतो की सांगायला."

ती त्याच्याजवळून पुढे गेली.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. चालक खिडकीजवळच्या खाटेवर होता, उजवा पाय वर बांधलेला, कपाळावर पट्टी. तो जागा होता. आई खाटेच्या पायथ्याशी थांबली. मग बाजूने गेली, आधी त्याच्या पायाच्या बोटांना हात लावला, मग हाताला, मग तोंडाला.

"आई?" तो म्हणाला. "घट उठले का?"

"उठले," ती म्हणाली.

मी दाराबाहेर थांबलो होतो. भावाने माझ्याजवळ येऊन काय झाले ते विचारले. मी सांगितले. गावाहून आमच्याबरोबर आलेल्या माणसाने अंक घडी करून खिशात ठेवला होता, तो त्याने बाहेर काढला नाही. चालकाला ही बातमी त्या दिवशी सांगण्यात आली नाही.

बीडला परतल्यावर मी घटनाक्रम वेळांसह लिहून संपादकांना दिला. त्यात काकांचे, ऑपरेटरचे, मिस्त्रींचे आणि माझे म्हणणे होते. पान न पाहता घरी गेल्याचे मी पहिल्या ओळीत लिहिले. कारवाई कोणावर झाली नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन पाचही यंत्रांतली ती सोय काढून टाकली. रस्ता बंद असला की पडद्यावर पुन्हा चूक दिसू लागली आणि काम पुन्हा अडू लागले. पुढच्या खंडेनवमीला काकांनी पाने कापायचे जुने कटर विसाव्याला बसवले.

शुद्धिपत्र तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत छापले. ते छापण्याआधी मी पान तीनदा वाचले. त्या गावाचे सात अंक नेहमीच्या एसटीने गेले. आईने ते पाहिले नाहीत, कारण ती अंबाजोगाईतच होती. चालकाला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरी सोडण्यात आले. तोपर्यंत ती गावाकडे गेली नव्हती. ही माहिती आमच्या वार्ताहराने वॉर्डात जाऊन खात्री करून कळवली.